चित्रफितींचे संपीडन : काय राखावे, काय सोडावे

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे ती देशाच्या कानाकोपऱ्यांत निरोप पोहोचवीत होती. तारेचे शुल्क शब्दांच्या संख्येवर आकारले जाई. त्यामुळे पत्रात पानभर मजकूर लिहिणारा मनुष्य तारेत मात्र ‘आई आजारी लगेच निघा’ एवढ्यावर भागवीत असे. आईला काय झाले, कधीपासून झाले, वैद्य काय म्हणतात, हे सारे गाळले जाई. कारण वाचणाऱ्याने गाडी पकडावी यासाठी ते आवश्यक नव्हते. याच तार खात्याची दुसरीही एक सोय होती. सणाच्या आणि विवाहाच्या शुभेच्छांसाठी ठरावीक वाक्यांची एक क्रमांकवार यादी असे. पाठविणाऱ्याने क्रमांक निवडावा, तारेतून केवळ तो क्रमांक जावा आणि पलीकडच्या कार्यालयात त्यावरून पूर्ण वाक्य लिहून घेतले जावे, अशी ती व्यवस्था होती.

लांबी कमी करण्याच्या या दोन रीतींमध्ये मोठा फरक आहे. क्रमांकावरून शुभेच्छेचे वाक्य जसेच्या तसे परत मिळते. त्यात काहीही हरवत नाही. आईच्या आजाराच्या तारेत जे गाळले, ते मात्र वाचणाऱ्याला त्या तारेतून कधीच कळणार नसते. संगणकाच्या परिभाषेत पहिल्या रीतीस हानिरहित संपीडन आणि दुसरीस हानियुक्त संपीडन असे म्हणतात. आज भ्रमणध्वनीवर, म्हणजे मोबाइल फोनवर, जी चित्रफीत पाहिली जाते, तिच्यात या दोन्ही रीतींचा उपयोग केलेला असतो; पण तिचा आकार खरोखर लहान होतो तो दुसऱ्या रीतीमुळे. म्हणूनच, काय गाळले जात आहे, हे चित्रफीत तयार करणाऱ्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

संपीडनाची गरज किती मोठी आहे, हे साध्या गुणाकारावरून ध्यानात येते. चलत्चित्र म्हणजे एकापाठोपाठ एक दाखविलेल्या स्थिर चित्रांची मालिका होय. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘फुल एचडी’ चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदविण्यासाठी तीन बाइट लागतात असे धरले, तर एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट, म्हणजे ६.२ मेगाबाइट एवढी जागा लागेल. सेकंदाला अशा २५ फ्रेम दाखविल्या, तर एका सेकंदाला १५५ मेगाबाइट आणि एका मिनिटाला ९.३ गिगाबाइट होतील. पंचेचाळीस मिनिटांच्या एका पाठाची चित्रफीत सुमारे ४२० गिगाबाइटची होईल. प्रत्यक्षात तोच पाठ तीनशे मेगाबाइटच्या फाइलमध्ये विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे मूळ माहितीच्या हजार भागांपैकी एक भागही उरलेला नसतो, आणि तरीही पाहणाऱ्याला काही उणे वाटत नाही. हे साधते कसे?

त्याचे पहिले कारण असे की, चलत्चित्रात नवे असे फार थोडे असते. शिक्षक फळ्यासमोर उभे राहून बोलत आहेत. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेममध्ये भिंत तीच, फळा तोच, खिडकीही तीच. हालतात ते ओठ आणि खडू धरलेला हात. दुकानाच्या खातेवहीत एखादा तपशील ओळीमागून ओळ तोच असेल, तर तो पुन्हा न लिहिता त्याखाली ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण करतात. संपीडन करणारी आज्ञावली नेमके हेच करते. ती एक फ्रेम पूर्ण नोंदविते. पुढच्या फ्रेममध्ये केवळ जे बदलले तेवढेच लिहिते. कॅमेरा किंचित सरकला किंवा माणूस चालू लागला, तर ‘हा चौकोन मागच्या चित्रातून उचलून सात बिंदू उजवीकडे ठेवावा’ अशा प्रकारची सूचना लिहिली जाते. पूर्ण नोंदविलेल्या फ्रेमला ‘की-फ्रेम’ म्हणजे आधारचित्र म्हणतात, आणि असे आधारचित्र साधारणपणे दर काही सेकंदांनी पुन्हा येते. पावसाळ्यात डीटीएचवरचे चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते, क्षणभर चेहरे विरघळल्यासारखे दिसतात आणि मग एकदम सारे पूर्ववत होते, हा अनुभव घरोघरी आहे. मधल्या नोंदी पावसामुळे पोहोचल्या नाहीत म्हणून ते तुकडे दिसतात. नवे आधारचित्र आले की चित्र सावरते.

दुसरे कारण मानवी डोळ्यात आहे. उजेड आणि अंधार यांतील बारीक फरक डोळा चटकन टिपतो. रंगातील बारीक फरक त्याला तितकेसे जाणवत नाहीत. म्हणून प्रत्येक बिंदूची उजळता स्वतंत्र नोंदवितात, पण रंग मात्र चार बिंदूंना मिळून एकच ठेवतात. चार बिंदूंसाठी बारा आकडे लागत होते, तेथे सहा पुरतात. एवढ्यानेच माहिती निम्मी होते आणि सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगाची बारीक अक्षरे लिहिली की ती कडांना फुटल्यासारखी दिसतात, त्याचे कारण मात्र हेच. चित्रफितीत अक्षरे दाखवायची असतील, तर ती पांढरी किंवा काळी असावीत, हे त्यावरून सहज सुचते.

तिसरी युक्ती अधिक गणिती आहे आणि तिच्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बंगळूरमध्ये झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण तेथेच पूर्ण करून ते पुढील अभ्यासासाठी अमेरिकेस गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करू लागले. चित्रातील बिंदूंचे आकडे एका विशिष्ट रूपांतराने मांडल्यास चित्राचे बहुतेक सार मोजक्या आकड्यांत एकवटते, अशी कल्पना त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. पण कल्पना फारच साधी आहे, असे ठरून ते नाकारले गेले. अहमद यांनी अनुदानाविना काम चालू ठेवले. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, संक्षेपाने ‘डीसीटी’, हे त्या रूपांतराचे नाव होय. आज जगात पाहिल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात आणि चित्रफितीत हे रूपांतर किंवा त्याचेच एखादे भावंड वापरलेले असते. साधी म्हणून नाकारलेली कल्पना तिच्या साधेपणामुळेच स्वस्तातल्या स्वस्त यंत्रात बसविता आली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

हे रूपांतर करते काय? चित्राचे लहान लहान चौकोन पाडले जातात. जुन्या पद्धतींत ते आठ बिंदू लांब आणि आठ बिंदू रुंद असत. अशा चौकोनातील चौसष्ट बिंदूंच्या जागी दुसरे चौसष्ट आकडे येतात. त्यांतील पहिला आकडा साऱ्या चौकोनाची सरासरी उजळता सांगतो. पुढचे आकडे प्रथम ढोबळ आणि मग क्रमाक्रमाने अधिकाधिक बारीक बदल सांगतात. गायनात आधी षड्ज स्थिर व्हावा, मग आलाप यावेत आणि शेवटी ताना, काहीसा तसाच हा क्रम आहे. येथवर काहीही हरवलेले नसते. हानी होते ती यानंतर. बारीक बदलांचे आकडे ढोबळ केले जातात. जे फार लहान असतील ते सरळ शून्य धरले जातात. किती ढोबळ करावयाचे, हे ठरविणारी कळ फाइल तयार करणाऱ्याच्या हाती असते. ती फार पिळली की शेवटी प्रत्येक चौकोनात सरासरी तेवढी उरते आणि चित्र फरशी बसविल्यासारखे दिसू लागते. आकाशाच्या निळ्या छटांमध्ये पट्टे उमटणे, अक्षरांच्या कडांभोवती डाग दिसणे आणि चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होणे, ही अतिसंपीडनाची ओळखीची लक्षणे आहेत.

एका सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती खर्च केली, त्या मापास बिटदर म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे बिटदराला सेकंदांनी गुणून आठाने भागले की फाइलचा आकार हाती येतो. सेकंदाला दहा लाख बिट, म्हणजे एक मेगाबिट खर्च केला, तर पंचेचाळीस मिनिटांची फाइल सुमारे ३४० मेगाबाइटची होते. आठ मेगाबिट खर्च केले तर २.७ गिगाबाइटची. फाइलचा आकार ठरतो तो या बिटदराने आणि लांबीने, चित्रातील बिंदूंच्या संख्येने नव्हे. येथे अनेकांची गफलत होते. ‘फुल एचडी’ म्हणजे उत्तम, असे समजून ते बिंदूंची संख्या तेवढीच ठेवतात आणि बिटदर मात्र कमी करतात. वीस लाख बिंदूंमध्ये तुटपुंजी माहिती वाटली गेली की कोणालाच पुरेसे मिळत नाही. त्यापेक्षा १२८० गुणिले ७२० बिंदूंचे लहान चित्र त्याच बिटदरात पुष्कळदा अधिक स्वच्छ दिसते.

किती बिटदर पुरेल, याला एकच उत्तर नाही, कारण सारी दृश्ये सारखी नसतात. स्थिर पार्श्वभूमीपुढे बसून बोलणारी व्यक्ती संपीडनाला सोपी जाते. व्यंगचित्रपटातील सपाट रंगही सोपे जातात. याउलट, वाऱ्याने हलणारी झाडाची पाने, समुद्राच्या लाटा, पावसाच्या सरी यांत प्रत्येक क्षणी सारेच बदललेले असते. ‘वरीलप्रमाणे’ म्हणण्यासारखे काही उरतच नाही. गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक, वर उधळलेला गुलाल, नाचणारी गर्दी आणि हातात धरलेला, हलणारा कॅमेरा, याहून अवघड दृश्य संपीडनाला क्वचितच मिळेल. नेटफ्लिक्स या कंपनीने २०१५ च्या अखेरीस सर्व चित्रपटांसाठी एकच बिटदर ठेवण्याची पद्धत सोडून प्रत्येक कृतीच्या स्वरूपानुसार तो ठरविण्यास सुरुवात केली, ती याच जाणिवेतून. अंधारात चित्रण केले की चित्रात जी चुरचुर दिसते, तीदेखील आज्ञावलीच्या दृष्टीने सतत बदलणारे दृश्यच असते. तिच्यावर बिट वाया जातात आणि चेहऱ्याला कमी पडतात. कोणते संपीडन निवडावे, या विवंचनेपूर्वी खोलीत एक दिवा अधिक लावावा आणि कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा. त्याने जे साधते, ते नंतर कोणत्याही आज्ञावलीने साधत नाही.

आता प्रत्यक्ष पद्धतींकडे वळू. चित्र संपीडित करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीस कोडेक असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे भारतातील गल्लोगल्ली भाड्याने मिळणाऱ्या व्हीसीडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘एमपेग-१’ या पद्धतीचा परिचय आहेच. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीने चुंबकीय फितीच्या तोडीचे चित्र चकतीवर आले. बिंदू केवळ ३५२ गुणिले २८८, आणि एका चकतीत ७४ मिनिटे. त्यामुळे अडीच-तीन तासांचा हिंदी चित्रपट दोन वा तीन चकत्यांवर येई आणि ऐन प्रसंगी उठून चकती बदलावी लागे. पाठोपाठ आलेल्या ‘एमपेग-२’ने डीव्हीडी आणि उपग्रहावरून येणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या शक्य केल्या.

२००३ मध्ये ‘एच.२६४’ ही पद्धत प्रमाणित झाली आणि इंटरनेटवरील चित्रफितींचे युग खऱ्या अर्थाने तिच्यावर उभे राहिले. दोन दशके उलटून गेली तरी तिचे स्थान टिकून आहे, कारण ती चालत नाही असे उपकरण शोधून काढावे लागेल. जुना फोन, दूरचित्रवाणी संचाला लावलेला पेनड्राइव्ह, शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणक, सर्वत्र ती उलगडते. २०१३ मध्ये आलेली ‘एच.२६५’, अर्थात ‘एचईव्हीसी’, त्याच दर्जाचे चित्र जवळपास निम्म्या बिटदरात देते. मात्र या पद्धतीचे स्वामित्वहक्क अनेक कंपन्यांकडे विखुरलेले आहेत आणि त्यांची वसुली करणारे गटही एकाहून अधिक आहेत. या गुंत्यामुळे तिचा प्रसार अडखळला. त्याला कंटाळलेल्या गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन आदी कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन विनाशुल्क पद्धत घडविण्याचे ठरविले आणि २०१८ मध्ये ‘एव्ही१’ जाहीर झाली. काटकसरीत ती एचईव्हीसीच्याही पुढे आहे. २०२० मध्ये ‘एच.२६६’ हीदेखील आली. सामान्य उपकरणांत ती अद्याप क्वचितच आढळते.

प्रत्येक नवी पद्धत अधिक कमी जागेत तेच चित्र बसविते. पण त्याची किंमत गणनेच्या रूपाने द्यावी लागते. संपीडन करताना संगणकाला कित्येक पट वेळ लागतो. उलगडताना फोनलाही अधिक श्रम पडतात. ज्या फोनमध्ये त्या पद्धतीसाठी वेगळी यंत्रणा बसविलेली आहे, तेथे हे श्रम जाणवत नाहीत. जेथे ती नाही, तेथे फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते, चित्र अडखळते किंवा दिसतच नाही. म्हणून सर्वांत नवी ती सर्वांत चांगली, हा नियम येथे लावता येत नाही. नव्या पद्धतीने डेटाची बचत होते आणि तिची सर्वाधिक गरज ज्याला आहे, त्याच्याच हाती बहुधा जुना फोन असतो, हा या विषयातील खरा पेच आहे.

आणखी एक घोटाळा टाळावयास हवा. ‘एमपी४’, ‘एव्हीआय’, ‘एमकेव्ही’ ही नावे कोडेकची नाहीत. ती डब्यांची आहेत. चित्र, ध्वनी आणि शीर्षके एकत्र ठेवण्याची ती वेष्टने होत. एमपी४ या डब्यात एच.२६४ असू शकते, एचईव्हीसी असू शकते वा एव्ही१ही. बाहेरून डबा एकच दिसतो, भाजी वेगळी असते. फाइल एमपी४ असूनही आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा राहतो, याचे कारण बहुधा हेच असते. फाइलच्या नावाचे शेपूट बदलल्याने आतील कोडेक बदलत नाही. मात्र योग्य आज्ञावलीने नुसता डबा बदलावयाचा असेल, तर पुन्हा संपीडन करावे लागत नाही. काम काही सेकंदांत होते आणि दर्जाही तसूभर घटत नाही.

आता एका पाठाचे उदाहरण घेऊ. एका अभ्यासकेंद्रातील शिक्षिकेने फोनवर पंचेचाळीस मिनिटांचा गणिताचा पाठ चित्रित केला आहे. फुल एचडी चित्र आणि एच.२६४ असेल, तर अनेक फोन मिनिटाला सव्वाशे मेगाबाइटच्या आसपास जागा घेतात. म्हणजे ही फाइल साडेपाच गिगाबाइटच्या वर गेली. तिचे विद्यार्थी दिवसा काम करतात. कोणी कारखान्यात, कोणी शेतावर, कोणी घरकाम करून रात्री अभ्यासाला बसतात. कित्येकांच्या फोनवर दिवसाला एक-दीड गिगाबाइटच डेटा मिळतो आणि तो घरातील इतरांशी वाटून घ्यावा लागतो. अशा विद्यार्थ्याला साडेपाच गिगाबाइटचा पाठ म्हणजे न मिळालेला पाठच होय.

फळ्यावरील अक्षरे वाचता आलीच पाहिजेत, ही पहिली अट. फाइल तीनशे मेगाबाइटच्या आत असावी, ही दुसरी. शिक्षिका चित्र १२८० गुणिले ७२० बिंदूंवर आणते आणि एच.२६४ मध्ये चित्रासाठी सेकंदाला आठ लाख बिट ठेवते. ध्वनीसाठी ६४ हजार बिट ठेवले, तर एकाच माणसाच्या बोलण्याला ते पुरून उरतात. फाइल सुमारे २९० मेगाबाइटची होते. आणखी लहान करावयाची झाल्यास दोन वाटा आहेत. बिंदू तेच ठेवून एचईव्हीसी वापरावी आणि चित्राचा बिटदर निम्मा करावा, किंवा एच.२६४ च ठेवून बिटदर निम्मा करावा आणि बिंदूंची उभी संख्या ७२० वरून ४८० वर आणावी. दोन्हींत फाइल १५७ मेगाबाइटच्या जवळपास येते. पहिल्या वाटेने अक्षरे स्पष्ट राहतात, पण काही जुन्या फोनवर पाठ उघडणारच नाही. दुसऱ्या वाटेने पाठ सर्वत्र उघडेल. पण अपूर्णांकाच्या रेघेखालचा तीन आहे की आठ, हे ओळखणे कठीण जाईल. गणितात हा फरक क्षुल्लक नाही. इतिहासाचा पाठ असता, तर दुसरी वाट बिनदिक्कत धरता आली असती. गणितासाठी २९० मेगाबाइटची पहिली फाइल तशीच ठेवावी, तिचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन भाग करावेत, म्हणजे रोज शंभरेक मेगाबाइटमध्ये भागेल. आणि फळ्यावर अक्षरे मोठी काढावीत, हे अधिक शहाणपणाचे. आवाजात मात्र काटकसर करू नये. चित्र अंधुक झाले तरी पाठ समजतो. आवाज फाटला की समजत नाही. शिवाय पंचेचाळीस मिनिटांच्या आवाजाला बावीस मेगाबाइटही लागत नाहीत, मग तेथे वाचवून किती वाचणार?

विवाहाच्या चित्रफितीचे गणित वेगळे असते. मंगलाष्टके चालू असताना सारे स्थिर असते. वधू-वर समोरासमोर, मध्ये अंतरपाट. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, वाजंत्री वाजतात. ज्या क्षणासाठी सारा खटाटोप केला, नेमका तोच क्षण संपीडनाला सर्वांत जड असतो. शेकडो तांदळाचे दाणे हवेत, छायाचित्रकारांच्या प्रकाशाचे झोत आणि हाललेली गर्दी. बिटदर सर्वत्र सारखा ठेवला असेल, तर शांत विधींवर बिट उधळले जातात आणि अक्षतांच्या वेळी वधूचा चेहरा चौकोनांत फुटतो. यावर उपाय म्हणजे बिटदर न ठरविता दर्जा ठरविणे. हँडब्रेकसारख्या विनामूल्य आज्ञावलीत ही सोय आहे. एच.२६४ साठी तेथे दर्जाचा एक आकडा द्यावा लागतो; तो साधारणपणे १८ ते २८ यांच्या दरम्यान असतो. आकडा लहान तितका दर्जा वरचा. तो सहाने वाढविला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. १८ ला मूळ चित्र आणि संपीडित चित्र यांत डोळ्याला सहसा फरक कळत नाही. २३ हा मध्यम मार्ग मानला जातो. एचईव्हीसीची मोजपट्टी वेगळी आहे. तेथील २८ हा एच.२६४ च्या २३ च्या जवळपास येतो. शेवटी फाइल किती मोठी होईल, हे मात्र आधी सांगता येत नाही. म्हणून अनुभवी कारागीर आधी अक्षतांचे एक मिनिट तेवढे वेगळे काढून संपीडित करतो, ते मोठ्या पडद्यावर पाहतो आणि मगच संपूर्ण चित्रफीत यंत्राच्या हवाली करतो.

ही चित्रफीत नातेवाइकांत फिरू लागली की तिची वेगळीच परवड सुरू होते. निरोपांच्या ॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठविल्यास ते ॲप तिचे पुन्हा संपीडन करते. ज्याला मिळाली तो ती साठवून, थोडी कापून पुढे पाठवितो. तेव्हा आणखी एकदा. छायाप्रतीची छायाप्रत काढत गेल्यावर अक्षरे जशी फिकटत आणि फुटत जातात, तसेच येथे घडते. प्रत्येक वेळी आज्ञावली ‘बारीक’ वाटेल ते गाळते आणि मागच्या वेळचे डागही चित्राचाच भाग समजून जपते. तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठविली, तर ती जशीच्या तशी जाते. आकार मोठा, वेळ अधिक, पण चित्र मूळचे. संकलन करावयाचे असल्यास ते कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइलवरच करावे. फिरून आलेल्या प्रतीवर करू नये.

मूळ फाइल पुसून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण जागा अडते. लहान प्रत तर हाताशी आहेच, असे वाटते. परंतु लहान प्रतीत जे गाळले गेले, ते तारेतल्या आईच्या आजाराप्रमाणे परत मिळत नाही. यासंदर्भात घरोघरी पडून असलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचा विचार अवश्य करावा. १९८० आणि १९९० च्या दशकांतील लग्ने, मुंजी, गावच्या जत्रा, आता हयात नसलेल्या आजी-आजोबांचे बोलणे त्यांत आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांत घरातील जुन्या पिढीची बोली केवळ अशा फितींतच उरली असण्याचा संभव आहे. या फितींवरील चुंबकीय लेप कालांतराने खराब होतो. त्या चालविणारी यंत्रेही आता बनत नाहीत. फीत संगणकावर उतरविण्याची संधी बहुधा एकदाच मिळते.

अशा वेळी दुकानदार सहसा एका डीव्हीडीवर किंवा लहानशा एमपी४ फाइलवर काम उरकून देतो. पाहण्यासाठी ते ठीक आहे, जतनासाठी नाही. जुन्या फितीच्या चित्रात मुळातच खूप चुरचुर असते. जोरदार संपीडनात ती आणि चेहऱ्याच्या रेषा एकदमच पुसल्या जातात. जतनासाठी हानिरहित कोडेक वापरणे इष्ट. ‘एफएफव्ही१’ हे त्यांपैकी एक विनाशुल्क कोडेक असून अनेक देशांतील अभिलेखागारे ते वापरतात. २०२१ मध्ये त्याचे तपशील इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत प्रसिद्धही झाले आहेत. त्यात एकही बिंदू बदलत नाही. अर्थात आकारही फारसा घटत नाही. मूळच्या निम्मा ते एकतृतीयांश राहतो. जुन्या कॅसेटचा एक तास उतरविला, तर तो असंपीडित स्वरूपात सुमारे ७५ गिगाबाइट आणि एफएफव्ही१ मध्ये साधारण २५ ते ३७ गिगाबाइट भरतो. आकडा ऐकून माणूस दचकतो खरा. परंतु एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये अशा तासाभराच्या सुमारे तीस फिती मावतात, आणि बहुतेक घरांतल्या कपाटात इतक्या फिती नसतातच.